नवऱ्याच्या आजोळचे कोळसा-खाणवाले पूर्वज आणि अमेरिकन इतिहासाची पुस्तकं

अबोली
नमस्कार मंडळी. हा बाफ (चर्चेचा धागा) कुठल्या विभागात काढावा कळेना म्हणून इथे काढतेय, चुकीच्या जागी असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

माझा नवरा अमेरिकन. त्याच्या आईकडचं घराणं पेनसिल्व्हेनियातलं, हेझल्टनच्या आसपासचं. मूळचे स्लोव्हाक, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले. सासूबाईंनी घराण्याचे सगळे कागद माझ्याकडे सोपवलेत आणि मी ते वंशावळीच्या साइटवर चढवतेय. नावं, जन्मसालं, मृत्यूसालं, जहाजाचं नाव, सगळं भरून झालं. आणि तरी मला या माणसांबद्दल काहीच कळलेलं नाही असं वाटत राहिलं. मग लायब्ररीतून त्या भागाच्या इतिहासाची पुस्तकं आणायला लागले आणि तेव्हा कुठे ते कागद बोलायला लागले.

एक उदाहरण देते. १९०० च्या सेन्ससमध्ये सासूबाईंच्या पणजोबांचं घर आहे. नवरा, बायको, चार मुलं, आणि खाली ओळीने सहा 'बोर्डर', म्हणजे पैसे देऊन घरात राहणारे-जेवणारे, सगळे विशी-पंचविशीतले खाणकामगार. अकरा वर्षांच्या थोरल्या मुलाच्या नावापुढे धंदा लिहिलाय 'स्लेट पिकर'. पणजीच्या नावापुढे धंद्याचा रकाना कोरा. मी हे पान कितीदा तरी पाहिलं होतं. पुस्तकं वाचल्यावर कळलं की त्या घरातलं सगळ्यात जास्त काम करणारं माणूस त्या कोऱ्या रकान्यात आहे. सहा जणांचा स्वयंपाक, त्यांचे डबे, कोळशाने काळेठिक्कर झालेले कपडे धुणं, संध्याकाळी त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवणं, आणि पाणी बाहेरच्या सामायिक नळावरून आणायचं. त्या बोर्डरांच्या पैशावर घर चालायचं कारण एकट्या खाणकामगाराच्या पगारात भागत नसे.

तर माझं म्हणणं असं, की पूर्वजांचा शोध घ्यायचा तर नावांच्या मागे धावण्याआधी इतिहास वाचावा. तुमचा अनुभव काय? इथे बऱ्याच जणांचे जावई-सुना अमेरिकन आहेत, कोणी असं काही केलंय का? कुठली पुस्तकं उपयोगी पडली?

आणि एक कोडं. सासूबाईंची आजी (१९०० च्या सेन्ससमध्ये सात वर्षांची) पेनसिल्व्हेनियातच जन्मलेली. पण तिने १९३७ साली अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतल्याचा कागद आहे. जन्माने अमेरिकन बाई नागरिकत्व कशाला घेईल? सासूबाईंनाही माहीत नाही.

शमा_के
मस्त विषय. वाचतेय.

टिटवी
अबोली, कोरा रकाना वाचून आमचा कुलवृत्तांत आठवला. पुरुषांची सात-आठ पिढ्यांची नावं, कोण कुठल्या संस्थानात कारकून होता तेही आहे, आणि बायकांचं माहेरचं नावसुद्धा धड नाही. रकाना दोन्हीकडे सारखाच कोरा.

निरंजन_पिट्स
अनुमोदन, पण अर्धंच. मी पिट्सबर्गला बरीच वर्षं आहे, बायकोच्या घरच्यांचा असाच शोध घेतलाय. माझा अनुभव असा की इतिहासाची जाड पुस्तकं वाचली की त्यात प्रेसिडेंट, टॅरिफ, रेल्वेचे मालक आणि युद्धं. आपला माणूस त्यात कुठेच नसतो. त्यापेक्षा गावचं जुनं वर्तमानपत्र आणि चर्चची रजिस्टरं बघावीत. बायकोच्या खापरपणजोबांचा पाय गिरणीत तुटला ही दोन ओळींची बातमी मला कुठल्याही इतिहासकाराने दिली नसती.

आणि एक सावधगिरीचा सल्ला. १८८० च्या सुमारास प्रत्येक काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जाडजूड इतिहास छापलेत, चामड्याच्या बांधणीतले. ते बघून लोक हरखून जातात. त्यातली चरित्रं बहुतेक ज्यांनी आगाऊ वर्गणी भरली त्यांचीच आहेत. खाणकामगार त्यात सापडणार नाही, खाणीचा मालक सापडेल.

अबोली
@निरंजन, बातमी महत्त्वाची आहेच. पण पाय तुटल्यावर त्या घराचं पुढे काय झालं असेल हे कशावरून कळणार? तेव्हा नुकसानभरपाईचा कायदाच नव्हता, पेनसिल्व्हेनियात तो १९१५ साली झाला आणि १९१६ पासून लागू झाला. त्याआधी माणूस जायबंदी झाला तर कंपनीकडून सहसा काही मिळत नसे, आणि घर कंपनीचं असेल तर तेही सोडायची वेळ. हे मला बातमीने नाही सांगितलं, पुस्तकाने सांगितलं.

निरंजन_पिट्स
हम्म. हे मान्य. पाय तुटल्यावर सहा महिन्यांत ते कुटुंब दुसऱ्या पत्त्यावर दिसतं, शहराच्या डिरेक्टरीत (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील यादीत). मी दोन्ही गोष्टी कधी जोडल्याच नव्हत्या.

मंजू_डेन्व्हर
अबोली ताई, तुमचं कोडं मला सुटलंय असं वाटतं!! तुमच्या सासूबाईंच्या आजीने लग्न केलं तेव्हा नवरा नागरिक झालेला होता का? नसेल तर १९०७ च्या कायद्याने तिचं नागरिकत्व लग्नाच्या दिवशीच गेलं. अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की ती नवऱ्याच्या देशाची समजली जायची. पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याचं काही जात नसे. १९२२ ला केबल अ‍ॅक्ट आला, त्यानंतर लग्न करणाऱ्या बायकांचं नागरिकत्व बहुतेक राहायला लागलं, पण आधीच गेलेलं आपोआप परत येत नव्हतं, अर्ज करावा लागे. मग जून १९३६ मध्ये कायदा झाला, की ज्यांचं असं लग्न आता संपलंय (नवरा वारला किंवा घटस्फोट) त्यांनी नुसती शपथ घ्यायची. तुमचा कागद १९३७ चा आहे, तेव्हा त्या विधवा होत्या का?

अबोली
मंजू!!! हो. लग्न १९१२ चं, नवरा नुकताच आलेला खाणकामगार. तो १९२० नंतर कधीतरी खाणीत छत कोसळून गेला. सासूबाईंना आत्ताच फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या आजी दर निवडणुकीला ठेवणीतला ड्रेस घालून मतदानाला जायची, कितीही बर्फ असला तरी, आणि घरात सगळ्यांना त्याचं नवल वाटायचं. आता बघा ना, इथे जन्मलेली बाई, इथे पाच लेकरं वाढवली, नवरा इथल्या खाणीत गेला, आणि पंचवीस वर्षं ती कागदोपत्री परकी. मला फार भरून आलंय.

शमा_के
काटा आला वाचून.

मंजू_डेन्व्हर
यात आपल्या लोकांचाही संबंध आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही, कारण कायद्यातल्या अर्थाने तो 'गोरा' नाही. आणि केबल अ‍ॅक्टमध्ये मेख होती, की नागरिकत्वाला अपात्र माणसाशी लग्न केलेल्या बाईचं नागरिकत्व जाणारच. म्हणजे भारतीयाशी लग्न केलेली अमेरिकन बाई १९३१ पर्यंत अधांतरी. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला १९४६ मध्ये.

हिंगोलीकर
थांबा थांबा, म्हणजे अबोलीताईंच्या सुनबाईंनी... नाही, अबोलीताईंच्या सासूबाईंच्या आजींनी... मला आधी कोण कोणाचं कोण याचा तक्ता द्या बुवा कोणीतरी. बाकी बाफ एक नंबर.

टिटवी
हिंगोलीकर, नवऱ्याच्या आईची आजी. लग्नात याद्या करणाऱ्या आत्याबाईंना विचारलं असतं तर एका दमात सांगितलं असतं त्यांनी.

सुहास_ओमाहा
माझं मत जरा वेगळं. माझी सून नेब्रास्काची. तिच्या घरी अभिमानाची गोष्ट म्हणजे खापरपणजोबांनी होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळवली. १८६२ चा कायदा, पाच वर्षं जमिनीवर राहा, घर बांधा, कसा, की जमीन तुमची. मी पुस्तकं वाचायला घेतली तेव्हा वाटलं नुसत्या कष्टाच्या गोष्टी असतील. आहेतच. लाकूड नाही म्हणून गवताळ मातीच्या विटा कापून घर बांधायचे, पावसात छत गळायचं, १८७४ मध्ये टोळधाडीने पीक तर खाल्लंच पण दोरीवरचे कपडेही कुरतडले. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा ऊबदार होती म्हणून मुलं साध्या कपड्यांत शाळेत गेली आणि दुपारी हिमवादळ आलं, शाळेतून घरी निघालेली किती मुलं वाटेतच गेली. सुनेच्या घरी 'थोरली आत्या शाळेच्या वादळात गेली' एवढंच सांगतात, ते हेच वादळ असावं, तारीख जुळते.

पण मला त्याच पुस्तकात पुढचं प्रकरण वाचावं लागलं. ती जमीन 'मोकळी' नव्हती. तिथे पॉनी लोक होते, त्यांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवलं. आणि १८८७ च्या डॉस कायद्याने आदिवासी जमातींची सामायिक जमीन तोडून वाटली, उरलेली 'जादा' म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांना. त्या साली त्यांच्याकडे १३८ दशलक्ष एकर होती, १९३४ पर्यंत ४८ उरली. हे सुनेच्या वडिलांसमोर बोलायचं कसं? मी बोललो. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पुस्तक ठेवून जा. मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडतो.

अबोली, तू म्हणतेस की इतिहास वाचून पूर्वज कळतात. मी म्हणतो त्यांचे शेजारी आणि त्यांच्या आधी तिथे कोण होतं हेही वाचायची तयारी हवी, नाहीतर तो नुसता घरचा पोवाडा होतो.

रेवा
+१ सुहासकाका.

निरंजन_पिट्स
काका, पटलं, पण खापरपणजोबांनी जमीन घेतली तेव्हा त्यांना हे कितपत माहीत होतं? स्वीडन किंवा बोहेमियातून आलेल्या गरीब माणसाला सरकारी कचेरीत जमीन मिळतेय एवढंच कळणार.

सुहास_ओमाहा
निरंजन, कदाचित. म्हणूनच दोष द्यायला नाही, जाणून घ्यायला वाचतोय. होमस्टेडची फाइल नॅशनल अर्काइव्हजमधून मागवता येते बरं का. त्यात घर किती बाय किती फूट, किती एकर नांगरली, विहीर आहे का, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं असतं. सुनेच्या घरच्यांची फाइल मागवली, मातीच्या घराची मापं वाचून नातवंडांनी अंगणात तेवढी जागा खडूने आखली.

वसुधा_अटलांटा
मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण इथे लिहावंसं वाटलं. माझा जावई आफ्रिकन अमेरिकन. अबोलीने 'नावं भरून झाली' असं लिहिलं तिथेच मी अडखळले, कारण आमच्याकडे नावंच मिळत नाहीत. १८७० च्या सेन्ससमध्ये सगळी नावं दिसतात, आणि त्याच्या मागे गेलं की भिंत. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्यात, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. 'बाई, ३०', 'मुलगा, ४'. अशा यादीत आपल्या नातीचे पूर्वज शोधायचे म्हणजे काय असतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

तिथे इतिहासाच्या पुस्तकांनीच वाट दाखवली, कारण कुठले कागद अस्तित्वात आहेत हे तिथे कळलं. फ्रीडमेन्स ब्युरोची (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याची) कंत्राटं आहेत. फ्रीडमन्स बँकेची खाती आहेत, १८६५ ते १८७४, खातं उघडताना बऱ्याचदा आईबाप, भावंडं, जुना मालक हे सगळं विचारून लिहून ठेवलंय. यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात लढलेल्या काळ्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फाइली आहेत. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती, त्यामुळे लग्न झालं होतं हे सिद्ध करायला या बायकांना साक्षीदार आणावे लागले, आणि त्या साक्षींत त्यांचं सगळं आयुष्य उतरलंय. जावयाच्या एका खापरपणजीची साक्ष आम्हाला मिळाली. लग्नाला कोण कोण होतं, जेवायला काय होतं, नवऱ्याने कुठला कोट घातला होता.

१९३६ ते ३८ मध्ये सरकारी योजनेत गुलामगिरी भोगलेल्या दोन हजारांवर म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्याही वाचा, फक्त विचारणारे बहुतेक गोरे होते हे लक्षात ठेवून वाचा. आणि पुस्तकच हवं तर इसाबेल विल्करसन यांचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स'. दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला गेलेल्या साठ लाख लोकांची हकीकत तीन माणसांच्या आयुष्यातून सांगितलीय. ते वाचून जावई म्हणाला, आजोबा मिसिसिपीबद्दल कधीच का बोलले नाहीत ते आता कळलं.

अबोली
वसुधाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आणखी लिहा, वेगळा बाफ काढलात तरी चालेल.

भास्कर_स
वसुधाताईंच्या प्रतिसादावरून आठवलं, जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना हा संबंध दिसला होता. शाळेत ही अर्पणपत्रिका पाठ केली होती, पण या याद्यांचं वाचल्यावर तिचं वजन कळतंय.

वऱ्हाडी_पाहुणा
अवांतर: पण पूर्णपणे अवांतर नाही. आमचं घर खामगावकडचं, अमेरिकेशी सुतराम संबंध नाही असं समजत होतो. पण अमेरिकन यादवी युद्धाचं पुस्तक वाचताना माझेच पूर्वज सापडले भौ. १८६१ ला उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळी मागणी आपल्या वऱ्हाड-खानदेशावर आली. भाव आकाशाला. मुंबईत त्या पैशावर बॅकबेच्या भरावाचे शेअर अव्वाच्या सव्वा चढले, आणि १८६५ ला युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारी बुडाले. आमच्या घरी सांगतात की एका पणजोबांनी चिरेबंदी वाडा बांधला आणि त्यांच्याच हयातीत तो सावकाराकडे गेला. कारण म्हणून 'त्यांचा हात सढळ होता' असं सांगत. वाड्याचं साल आणि गहाणखताचं साल बघितलं तर दोन्ही या कापसाच्या चढउतारात बसतात. दीडशे वर्षं त्या माणसाला उधळ्या म्हणत आलो आम्ही.

हिंगोलीकर
पाहुणे, हे भारी आहे. याच्यावर वेगळा लेख पाहिजेच.

निरंजन_पिट्स
वऱ्हाडी, गहाणखतातली सालं जुळली म्हणून कारण तेच असं लगेच म्हणू नका. हाच माझा इतिहासाच्या पुस्तकांबद्दलचा मूळ आक्षेप आहे. मोठी गोष्ट वाचली की आपला माणूस त्यात कोंबायचा मोह होतो. इथे प्रत्येक घरात ऐकतो, 'एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कच्या बंदरातल्या, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावर) अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं'. तिथले अधिकारी नावं लिहून घेतच नव्हते, जहाज सुटतं तिथे बनवलेल्या यादीवर खुणा करत होते. नावं बदलली ती नंतर लोकांनी स्वतः, कामावर, शाळेत, नागरिकत्व घेताना. पण गोष्ट इतकी छान आहे की कोणी सोडत नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
निरंजन भाऊ, बरोबर आहे तुमचं. गहाणखतात कपाशीच्या गाठींचा उल्लेख आहे म्हणून एवढं बोललो. पुढच्या वेळी गावी गेलो की सगळे फेरफार काढतो.

रेवा
घरातल्या बायकांचं आयुष्य कळायला एक पुस्तक सुचवते. लॉरेल थॅचर उलरिक यांचं 'अ मिडवाइफ्स टेल'. मेन राज्यातल्या मार्था बॅलार्ड या सुईणीची १७८५ ते १८१२ ची डायरी. तिने ८१६ बाळंतपणांची नोंद ठेवलीय, नदीवर बर्फ फुटत असताना होडीतून जायची. इतिहासकारांनी ती डायरी आधी 'किरकोळ घरगुती' म्हणून बाजूला ठेवली होती. उलरिकबाईंनी त्याच किरकोळ नोंदींतून सगळ्या गावाची अर्थव्यवस्था काढून दाखवली, कोण कोणाकडे कापड विणतंय, कोण कोणाचं देणं लागतंय. अबोली, तुझ्या कोऱ्या रकान्याला उत्तर द्यायची पद्धत त्यात आहे, काळ शंभर वर्षं आधीचा असला तरी.

आणि मराठीत हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक, १८८९ चं. त्या १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे दोनेक वर्षं इथे फिरल्या. आपल्या नातवंडांच्या पूर्वजांचा देश तेव्हा एका मराठी बाईला कसा दिसला हे आपल्या भाषेत वाचायला मिळतं, याहून काय हवं.

शमा_के
रेवा, हे माहीतच नव्हतं. रमाबाईंचं मागवते.

देवकी_स्क्रँटन
उशिरा आले बाफवर. अबोली, मी तुमच्या शेजारच्याच काउंटीत राहते. 'स्लेट पिकर' म्हणजे ब्रेकरमध्ये (कोळसा फोडून निवडायच्या कारखान्यात) बसून कोळशातले दगड वेचणारा मुलगा. दिवसाला दहा तास, खाली कोळशाचा ओघ चाललेला, हातमोजे घालू देत नसत कारण मग दगड हाताला कळत नाही, बोटं सुजून फुटायची. १८८५ च्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी होती, पण राज्यात जन्मनोंदणी सुरू झाली १९०६ मध्ये, तोवर आईबाप सांगतील ते वय. तुमच्या घरातल्यांनी सेन्ससवाल्याला खरं वय सांगितलं, कंपनीला बहुतेक दुसरंच सांगितलं असणार. रागावू नका त्यांच्यावर, सहा बोर्डर ठेवूनही पोराला पाठवावं लागलं म्हणजे हिशेब किती तुटपुंजा असेल बघा.

दोन गोष्टी तुमच्या घराण्याच्या अगदी दाराशी घडल्यात. १० सप्टेंबर १८९७ ला लॅटिमरला निःशस्त्र मोर्चावर शेरीफच्या माणसांनी गोळ्या घातल्या, १९ खाणकामगार मेले, बहुतेक स्लाव्ह (तुमच्या स्लोव्हाकांसारखे पूर्व युरोपातले). शेरीफ आणि त्याची माणसं निर्दोष सुटली. आणि १९०२ चा मोठा संप, मे ते ऑक्टोबर, जवळजवळ दीड लाख कामगार. पगार १० टक्के वाढला आणि बऱ्याच जणांचा दिवस नऊ तासांवर आला. त्या संपानंतर आयोगापुढे साडेपाचशेच्या वर साक्षी झाल्या, त्यात बायका आणि मुलंही आहेत. मी म्हणेन इतिहासकारांच्या पुस्तकाआधी त्या साक्षी वाचा.

अबोली
देवकीताई, लॅटिमर तर त्यांच्या घरापासून चालत जाण्याएवढं! १८९७ ला ते तिथेच होते, मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद त्याच वर्षाची आहे. मेलेल्यांच्या यादीत घरातलं कोणी नाही हे पाहिलं, पण बोर्डरपैकी कोणाचा भाऊ, कोणाचा मित्र असेलच की. मुलांना काय दाखवू, वाचायला अजून लहान आहेत.

देवकी_स्क्रँटन
एकली मायनर्स व्हिलेजला न्या. हेझल्टनजवळच आहे, कंपनीचं अख्खं खाणगाव जपून ठेवलंय, घरं, चर्च, सगळं. मुलांना एका खोलीत उभं करा आणि सांगा की अशा घरात दहा-बारा माणसं राहायची. आमच्याकडे उतरा, डाळ-भाताची सोय करते. स्क्रँटनच्या अँथ्रसाइट (म्हणजे इथला कडक कोळसा) म्युझियमलाही जाऊ.

निरंजन_पिट्स
मीही येतो, बायकोला घेऊन. अबोली, १८९० च्या सेन्ससच्या मागे वेळ घालवू नको, तो १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत बहुतेक सगळा गेला. त्या वर्षांसाठी शहराच्या डिरेक्टऱ्या बघ.

अबोली
धन्यवाद सगळ्यांना. आता पुढचा प्रश्न, स्लोव्हाकियातलं मूळ गाव कसं शोधू? जहाजाच्या यादीत गावाचं नाव आहे पण नकाशात सापडत नाही.

मंजू_डेन्व्हर
ते नाव हंगेरियन असणार. १९१८ आधी तो भाग हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे सरकारी नावं हंगेरियन, आज स्लोव्हाक. जुन्या काउंटीचं नाव काढ आणि दोन्ही नावांच्या सूचीत बघ. गाव मिळालं की चर्चची रजिस्टरं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत, बरीच लॅटिनमध्ये. रोमन कॅथलिक होते की ग्रीक कॅथलिक ते आधी बघ, त्यावरून रजिस्टर वेगळं. नाव इथे टाक, एकत्र शोधू.